जुन्या व्हिडिओ गेम्सचे संगणकावरील अनुकरण : तंत्र, अचूकता आणि जतनाचा प्रश्न

प्रस्तावना :

ग्रंथ वाचण्यासाठी लिपीचे आणि भाषेचे ज्ञान पुरेसे असते. व्हिडिओ गेमचे तसे नाही. गेम ही मुळात एका विशिष्ट यंत्राला दिलेल्या आज्ञांची मालिका असते. ते यंत्र उपलब्ध नसेल, तर त्या आज्ञा म्हणजे अंकांची निरर्थक रास ठरते. मोडीतील दप्तरे शाबूत असूनही मोडी जाणणारा नसेल तर ती मुकी राहतात, तशीच काहीशी ही अवस्था आहे. फरक इतकाच की मोडी शिकता येते, परंतु उत्पादन थांबलेली चिप मिळवणे कोणाच्याही अभ्यासाने साधत नाही. अशा जुन्या यंत्राचे वर्तन आजच्या संगणकावर सॉफ्टवेअरद्वारे पुन्हा उभे करण्याच्या तंत्रास एम्युलेशन आणि त्या सॉफ्टवेअरला एम्युलेटर असे म्हणतात. प्रस्तुत लेखात निन्टेंडो कंपनीच्या फॅमिकॉम या यंत्राच्या आधारे या तंत्राचे स्वरूप आणि त्यातून उद्भवणारे जतनविषयक प्रश्न यांचे विवेचन केले आहे.

फॅमिकॉम १५ जुलै १९८३ रोजी जपानमध्ये विक्रीस आला आणि १९८५ पासून एनईएस या नावाने अमेरिकेत विकला जाऊ लागला. भारतीय घरांत मात्र बहुतांशी पोहोचल्या त्या त्याच्या नकला. १९९० च्या दशकात महाराष्ट्रातील ज्या पिढीने दूरचित्रवाणी संचाला खेळाचा डबा जोडून ‘मारिओ’, ‘कॉन्ट्रा’ किंवा बदके टिपण्याचा खेळ खेळला, ती पिढी प्रत्यक्षात फॅमिकॉमचीच आज्ञावली वापरत होती. खेळ ज्या प्लॅस्टिकच्या डबीत असे, तिला सर्रास ‘कॅसेट’ म्हटले जाई. वस्तुतः तिच्यात फीत नसून कायमस्वरूपी स्मृतीच्या चिप असत. कॅसेट चालली नाही की तिच्या तोंडाशी फुंकर मारण्याचा उपाय घरोघरी प्रचलित होता.

यंत्राचे वर्तन आणि त्याचे अनुकरण :

फॅमिकॉमचा मुख्य प्रोसेसर ६५०२ या चिपच्या रचनेवर आधारित असून त्याच्या ठोक्यांचा वेग सेकंदाला सुमारे १७ लाख ९० हजार इतका आहे. त्याची कार्यकारी स्मृती अवघी २ किलोबाइट. पडद्यावरील चित्र तयार करण्याचे काम एक स्वतंत्र चिप करते. २५६ बाय २४० बिंदूंचे संपूर्ण चित्र साठवून ठेवण्याइतकी स्मृती यंत्रात कोठेच नाही. त्यामुळे दूरचित्रवाणीचा किरण पडद्यावर डावीकडून उजवीकडे, वरून खाली सरकत असतानाच चित्र बिंदूबिंदूने रचले जाते. प्रोसेसरचा एक ठोका पडतो तोवर चित्राचे तीन बिंदू पुढे गेलेले असतात. सेकंदाला सुमारे ६० वेळा हा प्रवास पूर्ण होतो.

एम्युलेटर हा सर्व व्यवहार आकड्यांत मांडतो. प्रोसेसरच्या अंतर्गत नोंदी म्हणजे काही चल राशी, स्मृती म्हणजे एक यादी. कॅसेटमधील मजकुराची फाइल, जिला रॉम म्हणतात, तिच्यातून एक आज्ञा वाचावयाची, तिचा अर्थ लावावयाचा, तदनुसार नोंदी बदलावयाच्या, मग चित्राची आणि ध्वनीची यंत्रणा तेवढ्याच काळाने पुढे न्यावयाची, आणि पुन्हा पुढील आज्ञेकडे वळावयाचे. येथे एक भेद कटाक्षाने ध्यानात ठेवावा लागतो. एम्युलेटर हे यंत्राचे अनुकरण आहे, रॉम ही कृतीची प्रत आहे. सामान्य बोलण्यात या दोहोंची गल्लत होते आणि पुढील बहुतेक कायदेशीर गोंधळ तेथूनच सुरू होतो.

आज्ञांचा अर्थ लावणे हा भाग तुलनेने सोपा. खरी कसोटी वेळेची असते. ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ हा १९८५ चा, ४० किलोबाइटचा खेळ पाहावा. त्यात वरची गुणांची पट्टी स्थिर राहते आणि खालचे दृश्य सरकते. हे यंत्र एका वेळी एकच पार्श्वभूमी सरकवू शकते, मग हे साधते कसे? वरच्या पट्टीतील नाण्याच्या चित्राखाली एक लहानशी आकृती दडवलेली आहे. किरण तेथे पोहोचला आणि आकृतीचा बिंदू पार्श्वभूमीच्या बिंदूवर आला की चित्राची चिप एक खूण वर करते. प्रोग्रॅम त्या खुणेची वाट पाहत थांबलेला असतो. खूण दिसताच तो सरकण्याचे मूल्य बदलतो, आणि त्याखालील दृश्य हलू लागते. एखाद्या एम्युलेटरने ही क्षुल्लक वाटणारी खूण गाळली, तर प्रोग्रॅम तिची वाट पाहतच राहतो आणि खेळ सुरुवातीलाच गोठतो. यंत्राची मर्यादा ही अशा रीतीने कृतीच्या रचनेचाच भाग झालेली आहे.

अचूकतेचा प्रश्न :

१९९७ च्या सुमारास घरगुती संगणकांवर एम्युलेटर लोकप्रिय झाले, त्या वेळी संगणकांचा वेग तुटपुंजा होता. लेखकांनी लोकप्रिय खेळ चालावेत इतपतच अनुकरण केले आणि उर्वरित तपशील अंदाजाने भागवले. पुढील पिढीतील सुपर एनईएस या यंत्राच्या बाबतीत त्याचे परिणाम स्पष्ट दिसतात. ‘स्पीडी गोन्झालेस’ या खेळाच्या एका टप्प्यात बटण दाबताच अनेक एम्युलेटर थिजत असत. तेथे प्रोग्रॅम अशा पत्त्यावरून मूल्य वाचतो, जेथे कोणतीही स्मृती जोडलेलीच नाही. प्रत्यक्ष यंत्रात मात्र तारांवर आधीच्या व्यवहाराचे मूल्य रेंगाळत असते, आणि दुसऱ्या एका घटकाच्या हालचालीने ते कधीतरी बदलते. प्रोग्रॅम त्या बदलाची वाट पाहत असतो. मूळ प्रोग्रॅमकारांची ही बहुधा चूक असावी, पण यंत्र ती चूक निभावून नेत होते. ‘बायू’ या टोपणनावाने काम करणाऱ्या प्रोग्रॅमकाराने २००४ पासून विकसित केलेल्या बीएसएनईएस या एम्युलेटरने असे तपशील जसेच्या तसे उतरवण्याचा आग्रह धरला. त्याची किंमतही मोठी होती. ३.५८ मेगाहर्ट्झच्या यंत्राचे अनुकरण करण्यास त्या काळचा काही गिगाहर्ट्झचा संगणक लागत असे.

अचूकतेचा आग्रह सर्वांनाच मान्य आहे असे नाही. फॅमिकॉम एका आडव्या ओळीत आठपेक्षा अधिक हलत्या आकृती दाखवू शकत नाही. गर्दी झाली की आकृती लुकलुकतात. कित्येक एम्युलेटर ही लुकलुक काढून टाकण्याची सोय देतात. खेळणाऱ्यास ते सुखकर होते, यात शंका नाही. परंतु पाठचिकित्सा करणाऱ्या संपादकाने हस्तलिखितातील लेखनप्रमाद मुकाट्याने दुरुस्त करावा, तशातला हा प्रकार आहे. सोय असावी, मात्र ती घेतल्याची नोंद अभ्यासकाने करावी, हे उचित.

काही बाबी तर सॉफ्टवेअरच्या आवाक्याबाहेरच राहतात. १९८४ च्या ‘डक हंट’ या बदके टिपण्याच्या खेळातील बंदूक प्रकाश सोडत नाही, ती प्रकाश टिपते. चाप ओढताच पडदा क्षणभर काळा होतो, मग बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो, आणि बंदुकीतील प्रकाशसंवेदक तो दिसला की नाही ते सांगतो. ही गणना काचेच्या नळीच्या जुन्या दूरचित्रवाणी संचाच्या किरणावर बेतलेली आहे. सपाट पडद्याचे चित्र निराळ्या रीतीने आणि किंचित विलंबाने उमटत असल्यामुळे मूळ बंदूक त्यापुढे निकामी ठरते. एम्युलेटर तिच्या जागी माउस देतो. खेळ चालतो, पण नेम धरण्याची शारीरिक क्रिया लोप पावते.

कायदा आणि जतन :

अमेरिकेत सोनी विरुद्ध कनेक्टिक्स या खटल्यात अपील न्यायालयाने फेब्रुवारी २००० मध्ये असा निर्णय दिला, की स्वतंत्र एम्युलेटर तयार करण्यासाठी मूळ यंत्रातील प्रोग्रॅमची मध्यवर्ती प्रत काढून अभ्यासणे हा न्याय्य वापर आहे. तथापि सोनीने २००१ मध्ये ते उत्पादन विकत घेऊन बंद केले. २०२४ मध्ये युझू या एम्युलेटरविरुद्ध निन्टेंडोने दावा केला आणि २४ लाख डॉलर्सच्या तडजोडीनंतर तो प्रकल्प बंद झाला. तेथे वादाचा मुख्य मुद्दा खेळांवरील तांत्रिक कुलूप मोडण्याचा होता. दुसरीकडे, २०१६ मध्ये निन्टेंडोनेच बाजारात आणलेला छोटा एनईएस हादेखील आतून एम्युलेटरच होता.

कंपन्या स्वतः जुने खेळ विकत असतील तर चिंता कशाला, असे कोणी म्हणेल. व्हिडिओ गेम हिस्ट्री फाउंडेशनच्या २०२३ च्या पाहणीनुसार अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या जुन्या खेळांपैकी ८७ टक्के खेळ बाजारात उपलब्ध नव्हते. वी यंत्रावरील निन्टेंडोचे खेळांचे दुकान २०१९ मध्ये बंद झाले, त्यानंतरच्या दोन यंत्रांवरील खरेदी २०२३ मध्ये थांबली. ग्रंथालयांतील अशा खेळांचा संशोधकांनी दुरून वापर करावा, यासाठी मागितलेली सवलत अमेरिकी कॉपीराइट कार्यालयाने ऑक्टोबर २०२४ मध्ये नाकारली.

भारतीय प्रताधिकार कायदा, १९५७ याचे कलम ५२ या संदर्भात पाहण्याजोगे आहे. वैयक्तिकरीत्या कायदेशीर मार्गाने मिळवलेल्या प्रतीवरून संगणक प्रोग्रॅमची प्रत बिगरव्यापारी वैयक्तिक वापरासाठी करण्यास ते मुभा देते. प्रोग्रॅमच्या कार्याचे निरीक्षण व अभ्यास करण्यासही मुभा आहे. २०१२ च्या दुरुस्तीने आलेले कलम ६५-अ कुलूप मोडण्यास गुन्हा ठरवते, पण त्यासाठी हक्कभंगाचा हेतू असावा लागतो. याच दुरुस्तीने बिगरव्यापारी सार्वजनिक ग्रंथालयांना जतनासाठी कृती इलेक्ट्रॉनिक स्वरूपात साठवण्याची परवानगी दिली, मात्र ग्रंथालयाकडे त्या कृतीची अंकीय नसलेली प्रत आधीपासून असावी अशी अट घातली. ही अट ग्रंथांसाठी योग्यच आहे. कॅसेट मात्र जन्मतःच अंकीय असते. परिणामी ज्या कृतीला जतनाची सर्वाधिक निकड, तीच या सवलतीबाहेर राहते.

भारताच्या बाबतीत याहून अवघड गुंता आहे. येथील घरांत पोहोचलेल्या कॅसेट बहुतांशी अनधिकृत होत्या. वेष्टनावर ‘९९९९ खेळ’ छापलेले असे, आत मोजके खेळ नाव आणि आरंभीचा टप्पा बदलून पुन्हा पुन्हा येत. कोणा अज्ञात प्रोग्रॅमकाराने जोडलेली ती यादी, तिचे संगीत, बदललेली नावे हे सारे मूळ जपानी कॅसेटमध्ये सापडणार नाही. ‘कायदेशीर मार्गाने मिळवलेली प्रत’ ही अट लावली, तर या देशातील व्हिडिओ गेमच्या इतिहासाचे हे साधन कोणत्याही ग्रंथालयाला उघडपणे नोंदवता येणार नाही. आजमितीस त्यातील जे काही अभ्यासता येते, ते जगभरच्या हौशी संग्राहकांनी उतरवून ठेवलेल्या रॉम फाइल आणि त्या वाचू शकणारे एम्युलेटर यांच्याच आधारे.