दुसऱ्याच्या हस्ताक्षरातला प्रांत

अमेरिकन कादंबरीकार विल्यम फॉकनर (१८९७-१९६२) याने आपल्या लेखणीतून एक संपूर्ण प्रांत उभा केला. योक्नापटॉफा हे त्याचे नाव, जेफरसन हे त्याचे मुख्य गाव. मिसिसिपी राज्यातील ज्या ऑक्सफर्ड गावी फॉकनरच्या आयुष्याचा मोठा भाग गेला, त्या मुलखावरून हा प्रांत रचलेला आहे. १९३६ साली ‘ॲबसलम, ॲबसलम!’ या कादंबरीला त्याने प्रांताचा नकाशाही जोडला. क्षेत्रफळ २४०० चौरस मैल. गोरे ६२९८, निग्रो ९३१३. आणि एकमेव मालक म्हणून स्वतःचे नाव! मालकीची गंमत बाजूला ठेवली तरी आकडे बाजूला ठेवता येत नाहीत. बहुसंख्य जर काळे, तर या प्रांताचा इतिहास कोणाचा?

तेथील जमीन मुळात चिकसॉ आदिवासींची. प्रत्यक्ष मिसिसिपीत १८३२ च्या तहाने ती त्यांच्या हातून गेली. कादंबरीत १८३३ साली थॉमस सटपेन येतो, चिकसॉ मुखियाकडून शंभर चौरस मैल जमीन मिळवतो आणि गुलामांकरवी वाडा उभारतो. पुढे कापूस, यादवी युद्ध आणि पराभूत मालकांचा खचलेला अभिमान. घराणी, शिकार, शौर्य असा जो या संस्कृतीचा डौल, त्याच्या पायाशी हिरावलेली जमीन आणि विकत घेतलेली माणसे आहेत. फॉकनर हे लपवीत नाही, हे त्याचे मोठेपण मान्य केले पाहिजे.

‘गो डाउन, मोझेस’ (१९४२) मध्ये मॅकॅस्लिन घराण्याच्या मळ्यावरील जुन्या खातेवह्या आहेत. सोळा वर्षांचा आयझॅक त्या वाचतो. गुलामांची खरेदी, जन्म, मृत्यू, हिशेब. त्यातच १८३२ च्या नाताळात युनिस ही गुलाम स्त्री बुडून मेल्याची नोंद. नोंदींची सांगड घालताना त्याला उमगते, की आजोबाने युनिसपासून झालेल्या स्वतःच्याच मुलीला भोगले आणि म्हणून युनिसने जीव दिला. मालकाच्या घरचा कागदच मालकाविरुद्ध साक्ष देतो. तो वाचणारा मात्र हवा. पुढे आयझॅक हा वारसा नाकारतो.

परंतु युनिस स्वतः बोलत नाही. ‘द साउंड अँड द फ्यूरी’ (१९२९) या कादंबरीचे चार भाग आहेत. पहिले तीन भाग कॉम्प्सन घराण्यातील तिघे भाऊ ‘मी’ म्हणून सांगतात. चौथा भाग त्या घराचा भार वाहणाऱ्या काळ्या दिल्सीभोवती फिरतो, पण तिच्या वाट्याला ‘मी’ येत नाही. तिच्या सोसण्याचा गौरव होतो. तिचा संताप कुठे गेला, हे कोणी विचारीत नाही. सोसणाऱ्याचा असा गौरव आपल्याही परिचयाचा आहे. ल्यूकस बोशँप तेवढा वेगळा. मालक-पूर्वजाचे ‘लूशस’ हे नाव बदलून तो स्वतःला ल्यूकस म्हणवतो. ‘इंट्रूडर इन द डस्ट’ (१९४८) मध्ये खुनाचा आळ येऊनही तो गोऱ्यांपुढे मान लववीत नाही. पण तोही आपल्याला दिसतो एका गोऱ्या मुलाच्या नजरेतून.

लेखकाची ही मर्यादा केवळ कलेची नव्हती. १९५६ साली फॉकनरने काळ्यांच्या हक्कांच्या प्रश्नावर दमाने घेण्याचा सल्ला दिला आणि जेम्स बॉल्डविनने त्याच वर्षी त्याला सडेतोड उत्तर दिले. टोनी मॉरिसनने १९५५ साली आपला पदव्युत्तर प्रबंध लिहिला तो फॉकनर आणि व्हर्जिनिया वुल्फ यांवर. तिनेच १९८७ साली ‘बिलव्हेड’ मध्ये गुलामीतून पळालेल्या आईला तिचे स्वतःचे मन दिले. हा खातेवहीपलीकडचा प्रवास आहे.

मी महाविद्यालयात शिकवतो; माझ्या घरात माझ्याआधी कोणी पदवीधर नाही. आजोबांचे नाव कुठे कागदावर असेलच, तर ते दुसऱ्याच्या हस्ताक्षरात. १९४६ साली बाबासाहेबांनी डू बॉइस यांना पत्र लिहून अस्पृश्य आणि निग्रो यांच्या स्थितीतील साम्य नोंदविले होते. त्या नात्याने आपण योक्नापटॉफा वाचावा. त्याच्या भव्यतेने दिपून जाऊ नये, आणि तो आपला नाही म्हणून फेकूनही देऊ नये. आपल्या गावांचीही दप्तरे आहेत. ती आपणच उघडली पाहिजेत, आणि त्यात नुसत्या मोजलेल्या माणसांना आपल्या लेखनात ‘मी’ म्हणू दिले पाहिजे.