आचरेकर सरांच्या हाताखालचा सर्वात मोठा फलंदाज कोण?

डोंबिवलीहून सुटणाऱ्या सकाळच्या लोकलमध्ये किटबॅग घेतलेला पोरगा चढला की कुणीतरी विचारतंच, ‘काय रे, शिवाजी पार्क की आझाद मैदान?’ मग गप्पा क्रिकेटच्या होतात आणि फिरून फिरून रमाकांत आचरेकर सरांपाशी येतात. सरांनी घडवलेला सर्वात मोठा फलंदाज कोण? सचिन, असं म्हटलं की वाद संपायला हवा. पण ठाणं मागे पडायच्या आत कुणीतरी विनोद कांबळीचं नाव काढतं, दुसरा कुणी अमोल मुझुमदारचं. मला हा वाद फुकाचा वाटत नाही. नीट मांडला तर सरांनी काय पेरलं होतं ते त्यातून कळतं.

सरांचा काळ कोणता?

मालवणला १९३२ साली जन्मलेले आचरेकर स्वतः प्रथम श्रेणीचा एकच सामना खेळले. त्यांचं खरं काम शिवाजी पार्कवरच्या कामत मेमोरियल क्लबमध्ये आणि दादरच्या शारदाश्रम विद्यामंदिरात झालं. १९९० मध्ये द्रोणाचार्य पुरस्कार, २०१० मध्ये पद्मश्री, आणि २ जानेवारी २०१९ रोजी निधन.

नेटमधल्या सरावापेक्षा सामन्यावर त्यांचा भर असे. एका मैदानावर सचिन बाद झाला की सर त्याला स्कूटरवर बसवून दुसऱ्या मैदानावरच्या सामन्यात उतरवत. सरावाच्या शेवटी स्टंपवर एक रुपयाचं नाणं ठेवत. जो बाद करील त्याचं, कुणालाच जमलं नाही तर सचिनचं. अशी तेरा नाणी सचिनने जपून ठेवली आहेत.

‘सरांचा काळ’ मी १९८०च्या दशकापासून नव्वदीच्या मध्यापर्यंतचा धरतो. त्यांच्या शिष्यांपैकी चंद्रकांत पंडित यष्टिरक्षक, अजित आगरकर आणि रमेश पोवार गोलंदाज. या वादात ते येत नाहीत. उरतात चौघे: सचिन तेंडुलकर, विनोद कांबळी, प्रवीण अमरे आणि अमोल मुझुमदार.

६६४ धावांचा पुरावा

फेब्रुवारी १९८८, आझाद मैदान, हॅरिस शिल्ड या शालेय स्पर्धेचा उपांत्य सामना. सेंट झेवियर्सविरुद्ध शारदाश्रमने २ बाद ७४८ वर डाव घोषित केला. तिसऱ्या जोडीसाठी ६६४ धावांची अभंग भागीदारी झाली होती, सचिन नाबाद ३२६ आणि विनोद नाबाद ३४९. डाव घोषित करा असे निरोप येत होते आणि ही पोरं तिकडे बघतच नव्हती. शेवटी फोनवर सरांचा हुकूम आला, असं सांगतात. विनोदला साडेतीनशेसाठी एक धाव हवी होती. त्यानंतर त्याने गोलंदाजी करून ३७ धावांत सहा बळी घेतले.

कांबळीच्या बाजूने बोलणारे इथूनच सुरुवात करतात आणि त्यात तथ्य आहे. दोघांना एकाच खेळपट्टीवर तेच गोलंदाज मिळाले आणि विनोदने जास्त धावा केल्या. पण शालेय क्रिकेटमधल्या डोंगराएवढ्या धावा समोरच्या गोलंदाजीच्या कुवतीवरही अवलंबून असतात. एवढ्यावर निकाल लावायला माझं मन तयार होत नाही.

विनोदची सात कसोटींची झेप

रणजी पदार्पणात समोर आलेल्या पहिल्याच चेंडूवर विनोदने षटकार मारला. आक्रमकपणा मोजायचा तर याहून मोठी खूण कुठली आणायची? १९९३ मध्ये वानखेडेवर इंग्लंडविरुद्ध २२४, लगेच दिल्लीत झिंबाब्वेविरुद्ध २२७, मग कोलंबोत श्रीलंकेविरुद्ध १२५ आणि १२०. पहिल्या सात कसोटींत ७९३ धावा, सरासरी ११३च्या वर. फिरकीपटूला पुढे येऊन उचलावं तर त्यानेच.

आणि मग पुढच्या दहा कसोटींत २९१ धावा. शेवटची कसोटी १९९५ मध्ये, तेव्हा वय तेवीस. कारकिर्दीची सरासरी ५४.२० राहिली, सचिनच्या ५३.७८ पेक्षा किंचित जास्त. लोकलमधल्या वादात हा आकडा हमखास येतो. पण १७ कसोटी आणि २०० कसोटींची तुलना सरासरीने करता येत नाही.

त्याहून महत्त्वाचा मुद्दा म्हणजे धावा कुठे झाल्या. विनोदची चारही शतकं भारत आणि श्रीलंकेतली. तोच काळ सचिनच्या बाबतीत बघा. १९९३च्या उन्हाळ्यापर्यंत, वीस वर्षं पूर्ण होता होता, त्याची मँचेस्टर, सिडनी, पर्थ आणि जोहान्सबर्ग इथली शतकं झाली होती. उसळत्या, वेगवान चेंडूपुढे, परक्या मैदानावर. माझ्या लेखी वाद इथे मिटतो: केवळ आकड्यांच्या दीर्घ यादीमुळे नव्हे, तर सरांच्या हाताखालून नुकताच बाहेर पडलेला सचिनही विनोदपेक्षा पुढे होता म्हणून.

याच मापाने प्रवीण अमरेचं मोल वाढतं. नोव्हेंबर १९९२ मध्ये डर्बनला, पदार्पणाच्याच कसोटीत, पहिले चार गडी स्वस्तात गेलेले असताना त्याने १०३ धावा केल्या. अकरा कसोटींत सरासरी ४२.५०. त्याला आणखी संधी मिळायला हव्या होत्या, हे मला आजही वाटतं.

पॅड बांधून बसलेला अमोल

त्या ६६४च्या भागीदारीत पुढचा फलंदाज म्हणून अमोल मुझुमदार पॅड बांधून बसून राहिला. पुढे १९९३-९४च्या हंगामात रणजी पदार्पणात त्याने हरियाणाविरुद्ध २६० धावा केल्या. प्रथम श्रेणी पदार्पणातला तो विश्वविक्रम जवळपास पंचवीस वर्षं टिकला. प्रथम श्रेणीत ११,१६७ धावा, तीस शतकं, आणि भारताकडून एकही सामना नाही. आक्रमक म्हणण्यापेक्षा तो मुंबईच्या भाषेत ‘खडूस’ फलंदाज. विकेट फेकायची नाही हा सरांचा धडा त्याच्याइतका कुणी गिरवला नाही. २ नोव्हेंबर २०२५ रोजी आपल्याच ठाणे जिल्ह्यात, नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर भारतीय महिलांनी दक्षिण आफ्रिकेला हरवून विश्वचषक जिंकला, तेव्हा त्यांचा मुख्य प्रशिक्षक तोच होता. त्या रात्री ज्यांना आझाद मैदान आठवलं, त्यांच्यात मीही होतो.

माझा क्रम असा: सचिन, विनोद, अमोल, प्रवीण. निव्वळ आक्रमणाचा प्रश्न असेल, आणि समोर फिरकी असेल, तर विनोद पहिला.

मग अजिंक्य?

डोंबिवलीत हा वाद सुरू असताना कुणीतरी अजिंक्य रहाणेचं नाव घेतंच, आणि घ्यावंही. डोंबिवलीतच मॅटिंगच्या विकेटवर त्याने बॅट धरली, किट घेऊन याच लोकलचे धक्के खाल्ले, आणि २०२०च्या डिसेंबरमध्ये मेलबर्नला कर्णधार म्हणून ११२ धावा करून कसोटी जिंकून दिली. पण त्याला घडवलं ते प्रवीण अमरे यांनी. आचरेकरांच्या घराण्यात तो नातवाच्या पिढीचा. त्याच्यावरचा वाद अमरे सरांच्या काळातला, आणि तो दादर येईपर्यंत संपणारा नाही.