जुनी लेन्स, नवा कॅमेरा: मधल्या रिंगचं गणित

हा या भागाचा लिखित मजकूर. बोलताना जसं बोललो तसंच बरंचसं ठेवलंय, फक्त आकडे नीट मांडलेत. म्हणजे खरेदीच्या वेळी मोबाइलवर उघडून बघता येतील.

आजचा प्रश्न तुम्ही वेगवेगळ्या शब्दांत विचारत असता. "घरी पेंटॅक्स के १००० पडून आहे. मामाचा स्टुडिओ होता. आई भंगारात द्यायला निघालीये. त्याची लेन्स माझ्या सोनीवर लागेल का?" कुणाकडे पेंटॅक्स, कुणाकडे यशिका एफएक्स-३, कुणाकडे निकॉन एफएम १०, तर कुणाकडे रशियन झेनिट. आपल्या आई-वडिलांच्या लग्नाचे अल्बम अशाच कॅमेऱ्यांनी भरलेत. रोल गेले, लॅब बंद पडल्या, कॅमेरे कपाटात गेले. पण काच जशीच्या तशी आहे. आणि मागे रोल आहे की सेन्सर, याच्याशी काचेला काही देणंघेणं नसतं.

थोडक्यात उत्तर असं: आईला थांबवा, लेन्स लागेल. पण "कुठलीही लेन्स कुठल्याही कॅमेऱ्यावर लागते" हे जे रील्समध्ये सांगतात ना, ते अर्धंच खरं आहे. उरलेलं अर्ध कळलं नाही, तर पैसे जातात आणि कधीकधी कॅमेऱ्याचा आरसाही जातो.

सगळा खेळ एका अंतराचा

लेन्स बॉडीला जिथे अडकते त्या धातूच्या कड्याला माउंट म्हणतात. प्रत्येक कंपनीचं माउंट वेगळं: दाते वेगळे, व्यास वेगळा. पण ती मोठी अडचण नाही. मधे एक रिंग घातली, पुढे एक माउंट, मागे दुसरं, की काम झालं. खरी अडचण आहे माउंटपासून सेन्सरपर्यंतच्या अंतराची. याला फ्लँज डिस्टन्स म्हणतात. लेन्स बनवतानाच ती या ठरावीक अंतरासाठी बनवलेली असते.

काही आकडे लिहून ठेवा. निकॉन एफ ४६.५ मिमी. पेंटॅक्स के आणि जुनं स्क्रूवालं एम ४२, दोन्ही ४५.४६ मिमी. यशिका-कॉन्टॅक्स ४५.५. कॅनन ईएफ ४४. मिनोल्टा एमडी ४३.५. जुनं कॅनन एफडी ४२.

आता मिररलेस बघा. कॅनन आरएफ २०. मायक्रो फोर थर्ड्स १९.२५. सोनी ई १८. फुजी एक्स १७.७. निकॉन झेड १६.

एवढा फरक का? एसएलआर आणि डीएसएलआरमध्ये लेन्सच्या मागे हलणारा आरसा असतो. त्याला जागा लागते, म्हणून लेन्स लांब ठेवावी लागते. २००८ मध्ये पॅनासॉनिकचा जी१ आला, त्यात आरसाच नव्हता. २०१३ मध्ये सोनी ए७ ने तेच फुल फ्रेममध्ये केलं. २०१८ मध्ये कॅनन आणि निकॉननेही नवी माउंट्स आणली. आरसा गेला, मधली जागा रिकामी झाली, आणि त्या रिकाम्या जागेत आपली रिंग बसते.

हिशोब साधा वजाबाकीचा. पेंटॅक्स के ची लेन्स सोनी ई वर: ४५.४६ वजा १८, म्हणजे २७.४६ मिमी. एवढ्या जाडीची पोकळ नळी घातली की लेन्सला वाटतं, आपण जुन्याच घरी आहोत. आत काच नाही, सर्किट नाही, काही नाही. आमच्या प्रोग्रामिंगमध्ये जुना कोड नव्या सिस्टिमला जोडायला मधे एक थर लिहितात, त्यालाही अडॅप्टरच म्हणतात. जुन्याला हात लावायचा नाही, नव्यालाही नाही, मधल्याने जुळवून घ्यायचं.

वजाबाकी उणे आली तर?

समजा तुमच्याकडे निकॉनचा डीएसएलआर आहे आणि लेन्स एम ४२ ची. ४५.४६ वजा ४६.५, म्हणजे उणे १.०४ मिमी. लेन्स एक मिलिमीटर आत सरकायला हवी, आणि तिथे तर बॉडीचा धातू आहे. "एक मिलिमीटरच तर आहे" असं वाटेल. आता गणित बघा. लांबचं दृश्य फोकसमध्ये आणताना लेन्स सेन्सरच्या सगळ्यात जवळ जाते. ५० मिमीची लेन्स तिथून १.०४ मिमी पुढेच अडकली, तर फोकस साधारण अडीच मीटरच्या पलीकडे जाणारच नाही. त्यात रिंगची स्वतःची जाडी मिळवा, मग तेवढेही नाही. म्हणजे बीबी का मकबऱ्यासमोर उभ्या मित्राचा चेहरा जवळून नीट येईल, पण मकबरा काही केल्या शार्प होणार नाही.

यावर उपाय म्हणून मधे काच बसवलेल्या रिंगा मिळतात. फोकस लांब जातो, पण स्वस्त काचेतून गेलेला फोटो मऊ, धुरकट येतो. चांगल्या लेन्सला पाच रुपयांचा चष्मा लावल्यासारखं. माझं मत विचाराल तर त्या वाटेला जाऊ नका.

कॅनन डीएसएलआरवाले थोडे नशीबवान. एम ४२ साठी ४५.४६ वजा ४४, म्हणजे १.४६ मिमीची पातळ चकती पुरते. मात्र काही एम ४२ लेन्सचा मागचा भाग बराच आत येतो आणि फुल फ्रेम कॅननमध्ये आरसा वर उठताना त्यावर आपटू शकतो. पहिला क्लिक करण्याआधी तुमच्या नेमक्या मॉडेलबद्दल माहिती काढा. आणि गंमत म्हणजे कॅननचीच जुनी एफडी लेन्स कॅननच्या डीएसएलआरवर नीट लागत नाही, कारण ४२ वजा ४४ उणे येतं! तीच लेन्स मिररलेसवर मजेत चालते.

हातात काय राहतं, काय जातं

ऑटोफोकस गेला. लेन्सची माहिती फोटोच्या डेटात येत नाही. अॅपर्चर कॅमेऱ्यातून बदलत नाही, लेन्सवरची कडी फिरवावी लागते. म्हणून आधी लेन्सला अशी कडी आहे का ते बघा. निकॉनच्या जी मालिकेच्या लेन्सना ती नसते, त्यांना वेगळी, अॅपर्चरचा लीव्हर असलेली रिंग लागते. कॅनन ईएफमध्ये अॅपर्चर विजेवर चालतं, तिथे साध्या पोकळ रिंगने ते बंद-उघडच होत नाही. काही एम ४२ लेन्सना मागे छोटी पिन असते, ती दाबणारी रिंग घ्या, नाहीतर अॅपर्चर कायम पूर्ण उघडं.

बॉडीवर तीन सेटिंग लगेच करा. एक, मेन्यूमधलं "लेन्सशिवाय शटर" चालू करा. कॅमेऱ्याला वाटतं की पुढे लेन्सच नाही, तो फोटोच काढू देत नाही. दोन, फोकस पीकिंग चालू करा, शार्प कडा रंगीत दिसतात. बारीक फोकससाठी स्क्रीन मोठी करून बघा. तीन, बॉडीत स्टॅबिलायझेशन असेल तर फोकल लेंग्थ हाताने भरा. ५० ची लेन्स लावून २८ भरलं तर कॅमेरा चुकीच्या अंदाजाने सेन्सर हलवेल.

आणखी एक. तुमचा कॅमेरा एपीएस-सी असेल (सोनी झेडव्ही-ई१० किंवा फुजीसारखा) तर ५० मिमीची लेन्स ७५ सारखं दृश्य देईल. लेन्स बदलत नाही, फक्त मधला तुकडा कापून मिळतो. पोर्ट्रेटला छान, पण घरातल्या हळदीच्या कार्यक्रमात मागे सरकायला भिंत आडवी येईल.

मग एवढा खटाटोप कशाला?

अजिंठ्याचं उदाहरण घ्या. लेण्यांत फ्लॅश चालत नाही, आणि तो नसावाच, रंग दीड-दोन हजार वर्षांचे आहेत. ट्रायपॉडला परवानगी लागते. पहिल्या लेण्यात पद्मपाणीसमोर उभं राहिलं की किट लेन्स ५० मिमीला एफ ५.६ च्या वर उघडत नाही. जुनी ५० मिमी एफ १.८ तिथे जवळजवळ दहापट प्रकाश आत घेते. किट लेन्सवर १/१० सेकंद लागत असेल तिथे हिच्यावर साधारण १/१०० मिळतो. हात हलून गेलेला फोटो आणि नीट आलेला फोटो, यातला हा फरक.

या चित्रांची नोंद ठेवण्याची धडपड जुनी आहे. ईस्ट इंडिया कंपनीने १८४४ मध्ये रॉबर्ट गिल या लष्करी अधिकाऱ्याला अजिंठ्याच्या चित्रांच्या प्रतिकृती करायला नेमलं. त्याने वर्षानुवर्षं रंगवलेली बहुतेक चित्रं लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये १८६६ च्या आगीत जळाली. तोवर त्याने कॅमेराही हाती घेतला होता, आणि त्याचे फोटो मात्र पुस्तकरूपाने छापले गेले. आपल्या हातात आज त्याच्यापेक्षा कितीतरी सोपं साधन आहे.

घेण्याआधी टॉर्च लावा

साधी पोकळ रिंग साधारण एक-दोन हजारांच्या घरात मिळते. लेन्स घरची असेल तर तेवढाच खर्च. बाहेरून घेणार असाल तर मोबाइलचा टॉर्च लेन्सच्या एका बाजूने मारा आणि दुसऱ्या बाजूने तिरकं बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी. मुंबई-कोकणातून आलेल्या लेन्समध्ये हे जास्त बघा, कारण दमट हवा. थोडी असेल तर साफ होते, पण काचेवरचं कोटिंग खाल्लं असेल तर डाग राहतोच. चार धुळीचे कण दिसले तर घाबरू नका, फोटोत दिसत नाहीत.

मराठवाड्यातल्या लेन्सचा आजार वेगळा. मे महिन्यात बंद गाडीत, पत्र्याखालच्या कपाटात लेन्स तापली की आतलं ग्रीस पातळ होतं आणि तेल अॅपर्चरच्या पात्यांवर येतं. पाती चिकटतात. कडी फिरवून बघा, पाती चटकन हलली पाहिजेत. काच पिवळसर दिसली तरी लगेच नाकारू नका. ताकुमार ५० मिमी एफ १.४ सारख्या काही लेन्समध्ये थोरियमवाली काच होती, ती वयाने पिवळी पडते आणि अतिनील प्रकाशात बरीचशी उजळते. मात्र अशी लेन्स खोलून घासायला जाऊ नका.

घरी आणल्यावर हवाबंद डबा आणि सिलिका जेल, बस. तेवढ्यानं पावसाळा निघतो.

माझ्याकडे फक्त मोबाइल आहे, मग?

मोबाइलला ही रिंग लागत नाही, कारण त्याची लेन्स निघतच नाही. पण ५० मिमीची लेन्स उलटी धरून मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर ठेवा. ती चांगल्या प्रतीच्या भिंगासारखी काम करते. अॅपर्चर पूर्ण उघडा, दोनपट झूम करा आणि फोकस करायला मोबाइलच पुढे-मागे सरकवा. नाणं, पानाच्या शिरा, पैठणीच्या काठाची वीण अशी दिसेल की घरचे लोक विचारतील, कुठला मोबाइल घेतलास?

तर यादी एवढीच: लेन्सच्या मागचं माउंट ओळखा, वजाबाकी करा, उत्तर अधिक आलं तर रिंग मागवा, उणे आलं तर पैसे वाचवा. ज्याची लेन्स आहे तो माणूस घरात असेल, तर वापरण्याआधी त्याच्याजवळ बसा. एका रोलमध्ये छत्तीसच फोटो असायचे, तेव्हा प्रकाश बघून अॅपर्चर सांगायची सवय त्या लोकांना होती. ती कुठल्याच रिंगसोबत येत नाही. मामाला विचारा. भेटू पुढच्या भागात.