एमपीथ्री प्लेअरच्या रचनेतील तडजोडी

यंत्राचे घटक

एमपीथ्री प्लेअर म्हणजे ध्वनीच्या अंकीय फाइली साठवून त्या वाजवणारे, खिशात मावणारे यंत्र. त्यात पाच भाग असतात: साठवण, संक्षिप्त फाइल उलगडणारी चिप, अंकांपासून विद्युत्-संकेत तयार करणारा परिवर्तक व त्याला जोडलेला ॲम्प्लिफायर, बॅटरी, आणि कळा व पडदा. यांपैकी कोणताही भाग इतरांपासून सुटा निवडता येत नाही. पडदा मोठा केला की बॅटरी मोठी लागते, बॅटरी मोठी झाली की वजन वाढते, आणि वजन वाढले की यंत्र शर्टाच्या खिशातून पिशवीत जाते. त्यामुळे ‘सर्वोत्तम प्लेअर कोणता’ हा प्रश्न वापरणारा ठरल्याशिवाय विचारताच येत नाही.

मुंबईतील पवईत असे तीन वापरणारे सहज दिसतात. पवईला रेल्वे स्थानक नाही. मध्य रेल्वेचे कांजूरमार्ग हे जवळचे स्थानक आणि पुढे बस किंवा रिक्षा. या मार्गाने रोज ये-जा करणाऱ्याचा एक हात लोकलच्या कडीला आणि दुसरा बॅगेला असतो. तलावाकाठी सकाळी फिरणाऱ्या ज्येष्ठाला मोठ्या कळा आणि कमीत कमी खटपट हवी असते. आयआयटीच्या वसतिगृहातील संगीतप्रेमी विद्यार्थ्याला भरपूर साठवण आणि मूळ ध्वनीशी प्रामाणिक आवाज लागतो. तिघांच्या गरजा एकाच यंत्रात बसत नाहीत.

संक्षेपण

सीडीवरील ध्वनीत प्रत्येक वाहिनीसाठी सेकंदाला ४४,१०० नमुने असतात व प्रत्येक नमुना १६ बिटांचा असतो. दोन वाहिन्या मिळून सेकंदाला सुमारे १४ लाख बिट, म्हणजे मिनिटाला १० मेगाबाइटांहून थोडे अधिक. १२८ किलोबिटांच्या एमपीथ्री फाइलीत हेच मिनिट एका मेगाबाइटाहून कमी जागेत बसते. आकार सुमारे अकरावा हिस्सा होतो. जर्मनीतील फ्राउनहोफर संस्थेचा मोठा वाटा असलेली ही पद्धत १९९३ मध्ये प्रकाशित झालेल्या मानकाचा भाग बनली. तिचा पाया श्रवणशास्त्रात आहे. एखादा मोठा स्वर चालू असताना त्याच्या जवळच्या कंप्रतेचा क्षीण ध्वनी कानाला जाणवत नाही. असे झाकले जाणारे अंश कमी बिटांत, ओबडधोबड नोंदवले तरी चालतात.

मर्यादाही याच तत्त्वातून येते. एमपीथ्री ध्वनीचे सुमारे २६ मिलिसेकंदांचे तुकडे करून त्यांवर काम करते. तुकड्याच्या मध्येच तबल्याच्या किनारीवर तीक्ष्ण आघात आला, तर नोंदणीतली चूक तुकडाभर पसरते आणि आघाताच्या किंचित आधीच खरखरीची सावली ऐकू येते. या पद्धतीत तुकडे लहान करण्याची सोय आहे, पण तिला अधिक बिट लागतात. भावगीतात हा दोष सहसा लक्षात येत नाही. एकल तबलावादनात १२८ किलोबिटांवर तो चांगला कळतो, १९२ किंवा त्यापुढे बराच मावळतो. बिट वाढवले की साठवण त्या प्रमाणात घटते.

तुकड्यांचा आणखी एक परिणाम मैफलीच्या ध्वनिमुद्रणात जाणवतो. फाइल पूर्ण तुकड्यांची असावी लागत असल्याने तिच्या सुरुवातीला आणि शेवटी थोडी शांतता भरली जाते. विलंबित आणि द्रुत स्वतंत्र फाइलींत असतील तर तानपुरा मध्येच क्षणभर तुटतो. ही शांतता मोजून वगळणे चिपला अवघड नाही. पण अनेक स्वस्त प्लेअर ते करत नाहीत, कारण तीन-चार मिनिटांची सुटी गाणी ऐकणाऱ्याला त्याची उणीव भासत नाही.

साठवण

१९९८ मध्ये दक्षिण कोरियाच्या सेहान कंपनीने आणलेल्या ‘एमपीमॅन’ची स्मृती ३२ मेगाबाइट होती. १२८ किलोबिटांच्या हिशेबाने ती ३३ मिनिटांची होते. एक सविस्तर बडा ख्याल, आणि यंत्र भरले. ऑक्टोबर २००१ मध्ये ॲपलने पहिला आयपॉड जाहीर केला तेव्हा तोशिबाच्या १.८ इंची हार्ड डिस्कमुळे साठवण ५ गिगाबाइटांवर गेली. त्याची किंमत वजनात आणि ऊर्जेत मोजावी लागली. यंत्र सुमारे १८५ ग्रॅमचे झाले, शिवाय फिरती तबकडी धक्क्याला नाजूक आणि वीजखाऊ. त्यावरचा तोडगा सुरेख होता. डिस्क थोडा वेळ फिरून पुढची गाणी ३२ मेगाबाइटांच्या स्मृतीत भरायची आणि झोपी जायची. मग वीस मिनिटे वादन त्या स्मृतीतूनच चालायचे. तीन वर्षांपूर्वी जी एका यंत्राची संपूर्ण साठवण होती, ती आता दुसऱ्या यंत्राची केवळ मधली टाकी झाली होती.

पुढे फ्लॅश स्मृती स्वस्त होत गेली आणि छोट्या प्लेअरमधून हार्ड डिस्कची गरज उरली नाही. २००५ चा आयपॉड नॅनो फ्लॅशवरच बेतलेला होता. आज उरलेला प्रश्न एवढाच, की स्मृती आत कायमची बसवायची की मायक्रोएसडी कार्डासाठी खाच ठेवायची. खाचेमुळे साठवण हवी तेव्हा वाढवता येते, पण पावसाळ्यात मुंबईची दमट हवा आत जायला आणखी एक वाट मिळते.

ऊर्जा

बाजारात सहज मिळणारा बारीक पेन्सिल सेल, म्हणजे रिमोटमध्ये बसतो तो, सुमारे १०.५ मिलिमीटर जाड आणि ११ ते १२ ग्रॅम वजनाचा असतो. तो वापरायचे ठरवले की यंत्राची जाडी त्याखाली जाऊ शकत नाही. चपट्या लिथियम बॅटरीला हे बंधन नाही, आणि त्याच वजनात ती साध्या सेलपेक्षा बरीच जास्त ऊर्जा साठवते. २००९ चा आयपॉड शफल सबंध मिळून १०.७ ग्रॅमचा होता, म्हणजे त्या एका सेलहूनही हलका. लिथियमशिवाय अशी रचना अशक्यच.

खर्चाची बाजू थोडी अनपेक्षित आहे. चांगल्या संवेदनशीलतेच्या इअरफोनला एक मिलिवॅट शक्तीही कानठळ्या बसवायला पुरते. चिप आणि पडदा मात्र त्याच्या कित्येक पट वीज घेतात. म्हणून आवाज कमी ठेवून बॅटरी फारशी वाचत नाही. पडदा लवकर विझवून वाचते. बारीक पेन्सिल सेलमधून साधारण १.२ वॅट-तास मिळतात आणि यंत्राचा एकूण खर्च ६० मिलिवॅट धरला, तर वादन २० तास चालते.

लिथियमची उणी बाजू आयुष्याची आहे. काही शे वेळा चार्ज झाल्यावर तिची क्षमता स्पष्ट घटते, आणि ती आत चिकटवलेली असेल तर धडधाकट चिपही तिच्याबरोबर कचऱ्यात जाते. सेल बदलता येणारे जाड यंत्र या बाबतीत उजवे ठरते.

ॲम्प्लिफायर आणि डग्गा

स्वस्त आणि लहान रचनेचा फटका सर्वांत आधी खर्जाला बसतो. साध्या ॲम्प्लिफायरच्या संकेतात स्थिर विद्युत्-दाबही मिसळलेला असतो. तो इअरफोनपर्यंत जाऊ नये म्हणून वाटेत कपॅसिटर बसवतात. हा कपॅसिटर मंद कंपनांनाही अडवतो, आणि तो जितका लहान तितका अधिक अडवतो. ३२ ओहमच्या इअरफोनला २२० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर जोडला तर घट सुमारे २३ हर्ट्झखाली सुरू होते, म्हणजे संगीताला धक्का लागत नाही. जागा वाचवण्यासाठी ४७ मायक्रोफॅरडचा बसवला तर तीच सीमा १०६ हर्ट्झच्या आसपास येते. डग्ग्याचा घुमारा नेमका या भागात असल्याने तो पोकळ वाटू लागतो. इअरफोन १६ ओहमचा असला तर सीमा आणखी दुप्पट वर सरकते. चिपमध्येच ऋण दाब तयार करून कपॅसिटर काढून टाकणे हा यावरचा आधुनिक उपाय. त्याला किंचित जास्त वीज लागते. यंत्राच्या खोक्यावर या गोष्टीचा उल्लेख क्वचितच असतो, पदरी पडणारा आवाज मात्र तिच्यावर बराच ठरतो.

स्पीकर जोडायचा झाल्यास सगळेच गणित बदलते. छोटा स्पीकर मिळालेल्या विजेचा जेमतेम एक टक्का ध्वनीत बदलतो, उरलेली उष्णतेत जाते. मिलिवॅटांचे काम वॅटांवर जाते, आणि खर्जासाठी पेटीत हवेला जागा लागते. स्पीकर असलेले यंत्र छोटे का राहत नाही, याचे उत्तर इथे आहे.

कळा, पडदा आणि क्रम

पडदा आणि कळा कमी करणे हा आकार घटवण्याचा सोपा मार्ग. २००५ च्या शफलला पडदा नव्हता. २००९ च्या आवृत्तीत कळाही यंत्रावरून काढून इअरफोनच्या तारेवर नेल्या. परिणाम असा, की साधा दुसरा इअरफोन लावला तर यंत्राचा ताबाच सुटे. २०१० मध्ये कळा यंत्रावर परत आल्या आणि वजन दोन ग्रॅमांनी वाढले. हे दोन ग्रॅम सार्थकी लागले असेच म्हणावे लागेल. गर्दीच्या डब्यात खिशातल्या खिशात चाचपून चालवता येणारी कळ कोणत्याही स्पर्शपडद्यापेक्षा उपयुक्त असते.

पडद्याविना सुटी गाणी ऐकता येतात, पण ‘गीतरामायण’ ऐकणे कठीण. १९५५-५६ मध्ये पुणे आकाशवाणीवरून प्रसारित झालेली माडगूळकर-फडक्यांची ही ५६ गीते कथेच्या क्रमाने जातात. क्रम विस्कटला तर वनवास आधी आणि जन्म नंतर. अनेक स्वस्त प्लेअर फाइली नावांच्या क्रमाने वाजवत नाहीत. कार्डावर ज्या क्रमाने उतरवल्या त्या क्रमाने वाजवतात. नावाआधी ०१, ०२ असे आकडे घालूनही उपयोग होत नाही, फाइली एकेक करून क्रमाने उतरवाव्या लागतात.

देवनागरी नावांचा प्रश्न वेगळाच. ‘कि’ लिहिताना वेलांटी साठवली जाते ‘क’ नंतर, पण दिसायला हवी त्याच्या आधी. जोडाक्षरांत अक्षरांची आकृतीच बदलते. त्यासाठी अक्षरजुळणी करणारी आज्ञावली आणि पुरेशी स्मृती हवी. एका अक्षराला एक चित्र एवढेच जाणणारा प्लेअर मोडकी अक्षरे किंवा रिकामे चौकोन दाखवतो. म्हणून मराठी गाण्यांच्या फाइली वर्षानुवर्षे रोमन लिपीत नावे घेऊन फिरत राहिल्या.

गाण्याची नोंद

फाइलीतच गायक, संग्रह, वर्ष ही माहिती ठेवण्याची आयडीथ्री पद्धत १९९६ मध्ये आली. तिच्या पहिल्या रूपात शीर्षकाला ३० बाइट होते. आजच्या प्रचलित यूटीएफ-८ लेखनात देवनागरीच्या प्रत्येक वर्णाला व चिन्हाला तीन बाइट लागतात, म्हणजे जेमतेम दहा चिन्हे मावतील. पुढच्या आवृत्तीत ही अडचण दूर झाली, पण रकान्यांची मांडणी पाश्चात्त्य गाण्यांच्या संग्रहांसाठीच राहिली. मराठी श्रोता गाणे कवी, संगीतकार आणि गायक अशा तीन नावांनी ओळखतो. ख्याल ओळखतो राग, ताल आणि बंदिशीने. प्लेअरच्या यादीत बहुधा ‘कलाकार’ हा एकच दरवाजा असतो.

या प्रश्नावर पवईत काम झाले आहे. बार्सिलोनाच्या पोम्पेउ फाब्रा विद्यापीठाच्या नेतृत्वाखाली २०११ ते २०१७ या काळात चाललेल्या ‘कॉम्पम्युझिक’ या संशोधन प्रकल्पात आयआयटी मुंबईतील प्रा. प्रीती राव यांचा गट सहभागी होता. ध्वनिमुद्रणातूनच हिंदुस्थानी संगीतातील स्वररचना व लय संगणकाने ओळखणे हा त्याच्या विषयांपैकी एक. अशी ओळख खिशातल्या प्लेअरच्या चिपवर चालवणे तिच्या शक्तीबाहेरचे आहे. ते काम संगणकावर आधीच उरकून उत्तर फाइलीत लिहून ठेवणे हाच व्यवहार्य मार्ग.

गोंगाट

चालत्या लोकलमध्ये श्रोता नकळत आवाज वाढवतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार प्रौढाने आठवड्याला ४० तास ऐकायचे तर सरासरी पातळी ८० डेसिबल असावी. दर ३ डेसिबल वाढीमागे ही मुदत निम्मी होते, म्हणजे ८९ वर ती ५ तासांवर येते. कानात घट्ट बसणारे रबरी टोक बाहेरचा गोंगाट बराच अडवते आणि संगीत हळू ठेवता येते. त्याबरोबर स्थानकावरची उद्घोषणा आणि रस्त्यावरचा भोंगाही अडतो. जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्ता ओलांडताना असा इअरफोन कानात नसावा.

आधीच भरलेली गाणी

सारेगामाने २०१७ मध्ये बाजारात आणलेला ‘कारवाँ’ उलट दिशेची निवड दाखवतो. जुन्या रेडिओच्या रूपातील या यंत्रात ५,००० गाणी कारखान्यातच भरलेली होती. पुढे मराठी गाण्यांची आवृत्तीही आली. छोट्या आकाराचा आग्रह सोडून दिल्याने स्पीकर आणि मोठे बटण शक्य झाले. निवडीचे स्वातंत्र्य कमी केल्याने संगणक, फाइली, नावनोंदणी हे सगळे श्रोत्याच्या वाटेतून दूर झाले. तंत्रदृष्ट्या त्यात नवे फारसे नव्हते. वापरणारा कोण, हे मात्र त्यात नेमके ओळखले होते.

मोबाइलपुढे उरलेली जागा

ॲपलने शफल आणि नॅनो जुलै २०१७ मध्ये आणि शेवटचा आयपॉड मे २०२२ मध्ये बंद केला. मोबाइलने त्यांचे काम घेतले होते. तरी स्वतंत्र प्लेअरला कारणे उरतात: फोनची बॅटरी वाचते, मध्येच कॉल येत नाही, इंटरनेट लागत नाही. कांजूरमार्गच्या प्रवाशासाठी वरच्या हिशेबातून उरणारी रचना अशी: खऱ्या कळा, छोटा पडदा, कार्डाची खाच, कपॅसिटरविरहित ॲम्प्लिफायर आणि बदलता येणारी बॅटरी. ती सर्वांत पातळ होणार नाही, आणि त्याने काही बिघडत नाही. खरेदीपूर्वी दुकानातच दोन फाइली वाजवून पाहाव्यात: एक देवनागरी नावाची, दुसरी डग्गा स्पष्ट असलेली.