मोर ताईंचा, विहीर पोरीची

माझ्या लेखात तुम्ही बियाणे, खत नाही तर कीड शोधणार, हे मला ठाऊक आहे. आज मात्र मी अंगणवाडीतल्या कागद, कात्री आणि चिखलाविषयी लिहिणार आहे. हे माझे काम नव्हे, असे कोणी म्हणेल. पण गोष्ट सुरू झाली ती बियाण्यापासूनच.

मागल्या जूनमध्ये मराठवाड्यातल्या एका गावी सोयाबीनच्या बीजप्रक्रियेची सभा होती. पाऊस आला, मंदिराचा सभामंडप गळू लागला, म्हणून आम्ही शेजारच्या अंगणवाडीत जाऊन बसलो. भिंतीवर ओळीने बावीस मोर लावले होते. सगळे एका मापाचे, एका रंगाचे, सगळ्यांची मान डावीकडे. पिसाऱ्यावर मक्याचे दाणे चिकटवलेले होते. ते दाणे गुलाबी होते. मी जवळ जाऊन पाहिले आणि माझ्या पोटात धस्स झाले. ते औषध लावलेले बियाणे होते. एका घरी पेरून उरलेले दाणे रंगीत दिसले, म्हणून त्या माउलीने चांगल्या मनाने अंगणवाडीत पाठवून दिले होते.

सुदैवाने कोणाला काही झाले नव्हते. आम्ही तेव्हाच ते मोर उतरवून मुलांचा हात पोचणार नाही असे बाजूला ठेवले. ताई बिचाऱ्या कावऱ्याबावऱ्या झाल्या. मी म्हणालो, "ताई, यात तुमचा दोष नाही. हे सांगणे आमचे काम, आणि ते आम्ही सांगितले नाही."

सभा संपल्यावर चहा घेता घेता मी सहज विचारले, "पण मोर सुरेख आहेत. एवढाल्या मुलांनी इतके सारखे कसे कापले?"

ताई हसल्या. "मुलांनी कुठले साहेब! दोन रात्री बसून मीच कापले. मुलांनी नुसते दाणे चिकटवले. भिंतीवर काही दिसले नाही की आयाबाया म्हणतात, पोरे दिवसभर करतात तरी काय? तपासणीला कोणी आले तरी नजर आधी भिंतीकडेच जाते."

एवढ्यात एक साडेचार वर्षांची पोर पाटी घेऊन आली. ताई म्हणाल्या, "काढ काहीतरी, तुला आवडेल ते." पोर बराच वेळ पेन्सिल धरून उभी राहिली. मग म्हणाली, "कसं काढू ताई? तुम्हीच काढून द्या की."

हा प्रश्न मी रोज ऐकतो

त्या पोरीचे बोलणे माझ्या मनातून जाईना, कारण हेच वाक्य मी नोकरीत रोज ऐकतो. "साहेब, कोणतं औषध मारू तेवढं सांगा." पानावर अळी आहे की मावा, हे पाहिलेले नसते. शेजाऱ्याने जे मारले ते आपणही मारायचे. दुसरीकडे असा शेतकरीही भेटतो, जो पान उलटून बघतो, मूळ उपटून बघतो आणि मग स्वतःचा अंदाज सांगतो. सांगितल्याशिवाय हात न हलवण्याची सवय कुठे लागते? माझ्या मते ती फार लवकर लागते. पाटीवर पहिली रेघ ओढण्याआधीच लागते.

म्हणून मग दाखवणे, शिकवणे सोडून द्यायचे का? मुळीच नाही. मी कृषी महाविद्यालयात असताना रोपवाटिकेतल्या एका माळीबुवांनी माझा हात धरून मला मोसंबीचा डोळा भरायला शिकवले. चाकू कसा धरायचा, साल किती उचलायची, पट्टी किती घट्ट बांधायची, हे सारे त्यांनी दाखवले. तरीही माझे सुरुवातीचे कितीतरी डोळे वाळून गेले. "तुला वाटेल तसे कर," असे ते म्हणाले असते, तर मी आजही डोळा भरू शकलो नसतो. हाताचे कसब दाखवूनच येते. मात्र बागेत काय लावायचे आणि कुठे, हा विचार ज्याचा त्यानेच करायचा असतो.

लहान मुलांचेही असेच आहे. कात्री धरणे, कागदाची घडी घालणे, मणी ओवणे, खळ बेताने लावणे हे ताईंनी दाखवायचे काम. त्याने बोटे वळतात, पुढे पेन्सिल धरायला सोपे जाते, आणि सांगितलेले ऐकून क्रमाने करण्याची सवय लागते. पण मातीचे काय करायचे, कागदावर काय काढायचे, हे काही वेळा पूर्णपणे मुलावर सोडले पाहिजे. त्याने बघणे, ठरवणे, चुकणे आणि पुन्हा करणे येते. एक हाताचे शिक्षण, दुसरे मनाचे. दोन्ही हवीत.

आपल्या घरात दोन्ही आहेत

हे काही परदेशातून आणायचे नाही. आपल्या अंगणातच बघा. ठिपक्यांची रांगोळी ही दाखवून शिकायची गोष्ट. ठिपका चुकला की सगळी रांगोळी बिघडते. दिवाळीतला किल्ला मात्र मुलांचा स्वतःचा. बुरूज कुठे, तळे कुठे, हळीव कुठे पेरायचे, मावळे कुठे उभे करायचे, हे कोणी सांगत नाही. गावात दहा किल्ले झाले तर दहाही वेगळे. पोळ्याच्या आधी मातीचे बैल करताना दोन्ही गोष्टी एकत्र येतात. शिंगे कशी ओढायची ते आजोबा दाखवतात, पण बैल पोराचाच असतो.

जाणत्या लोकांनीही हाच मेळ घालण्याचा प्रयत्न केला. जर्मनीत फ्रीड्रिख फ्रोबेल यांनी १८३७ साली लहान मुलांसाठी काम सुरू केले. त्यात कागदाच्या घड्या, विणकाम, माती होती. पुढे काही ठिकाणी त्याची नुसती कवायत झाली, सगळ्या मुलांनी एकच घडी एकाच वेळी घालायची. व्हिएन्नात फ्रान्झ चिझेक यांनी १८९७ साली मुलांचा चित्रवर्ग काढला. मुलाचे चित्र मोठ्यांच्या चित्राची कच्ची नक्कल नसते, त्याला स्वतःची किंमत असते, असे ते मानत. आपल्याकडे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला आणि पुढे कोसबाडला आदिवासी मुलांसाठी बालशिक्षण उभे केले. महागड्या साधनांऐवजी पाने, बिया, शिंपले, खडे असे आसपासचेच साहित्य त्यांनी वापरले. मुले शाळेत येत नाहीत, तर शाळाच त्यांच्या पाड्यावरच्या अंगणात नेली. अंगणवाडी हा शब्द तिथला. सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली आणि हे नाव गावोगावी पोचले. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही लहान मुलांच्या शिक्षणात चित्रकला आणि हस्तकला या दोहोंना खेळ, गाणी, गोष्टींच्या जोडीने जागा दिली आहे.

ताईंनी काय केले

आमचे बोलणे झाल्यावर ताईंनी मोठा बदल केला नाही. आठवड्यातले दोन दिवस हस्तकाम दाखवायचे, दोन दिवस मोकळे ठेवायचे, एवढेच ठरवले. दाखवायच्या दिवशीही शेवटची पायरी मुलावर सोडायची. होडीची घडी ताई दाखवतील, पण होडीत कोण बसले आहे ते मूल ठरवील. कापायचे ते मुलेच कापतील. वाकडे झाले तरी चालेल.

पहिले काही दिवस कठीण गेले. मोकळ्या दिवशी मुले बसून राहिली. एकाने घर काढले की सगळ्यांनी घर काढले. ताईंना वाटले, हे काही जमत नाही. मी म्हणालो, "रोप वाफ्यातून शेतात लावले की चार दिवस मान टाकते. म्हणून आपण ते पुन्हा वाफ्यात नेतो का?" पोळ्याच्या सुमारास ताईंनी चिखल दिला आणि मुले मोकळी झाली.

दिवाळीनंतर मी पुन्हा गेलो, तेव्हा ती साडेचार वर्षांची पोर कोळशाने कागद रंगवत होती. मध्यापासून कडेपर्यंत सगळा कागद तिने काळा केला होता. न्यायला आलेली आजी म्हणाली, "अगं, कागद घाण करून टाकलास की सगळा!" ताईंनी आजींना खुणेने थांबवले आणि पोरीला म्हणाल्या, "मला सांग ना यातलं काहीतरी." पोर म्हणाली, "ही आमची विहीर. लई खोल केली. पाणीच लागंना. आत अंधार हाय."

आजी गप्प झाल्या. त्या उन्हाळ्यात त्यांनी कर्ज काढून विहीर आणखी खोल केली होती. घरात मोठी माणसे त्यावर रात्री हळू आवाजात बोलत. पोरीने ते सारे ऐकले होते. ताईंनी तिचे शब्द कागदाखाली लिहिले, तारीख घातली आणि चित्र भिंतीवर लावले. मोर होते त्याच जागी.

घरी आणि अंगणवाडीत काय करता येईल

साहित्य : चिखल आणि काळी माती. गेरू, कोळसा आणि हळद. उकळलेल्या पळसफुलांचा केशरी रंग. ज्वारीच्या ताटांचे भेंड, पाने, नदीतले गोटे. पीठ पाण्यात शिजवून खळ. बांबूची काडी टोकाला ठेचली की ब्रश झाला. कागद नसेल तर एका बाजूने छापलेले कागद, पाटी किंवा अंगणातली माती आणि एक काडी.

काय देऊ नये : औषध लावलेले बियाणे कधीही नाही. ते ओळखू यावे म्हणूनच त्याला गुलाबी, लाल, निळा असा रंग दिलेला असतो. औषधाची रिकामी बाटली किंवा डबा धुऊनसुद्धा रंगाच्या पाण्याला वापरू नये. गुंज, एरंड आणि धोत्रा यांच्या बिया विषारी आहेत. रुईचा चीक डोळ्यांत जाता कामा नये. गाजरगवताची फुले गोळा करायला लावू नयेत. चुना डोळ्यात गेला तर भाजते, म्हणून पांढऱ्या रंगासाठी तांदळाचे पीठ घ्यावे. अगदी लहान मुलांच्या हाती बारीक दाणे देऊ नयेत, ती नाकाकानांत घालतात. काम झाले की साबणाने हात धुवावेत.

वय पाहून अपेक्षा : दोन-तीन वर्षांचे मूल नुसत्या रेघोट्या ओढते. ते वाया गेलेले नाही, ती त्याची सुरुवात आहे. पुढे गोल येतो, मग गोलालाच हातपाय फुटतात आणि माणूस तयार होतो. पोट राहिले म्हणून रागावू नका. ते आपले आपण येते. चार वर्षांच्या सुमारास बोथट टोकाची कात्री, मोठ्यांच्या नजरेसमोर, हाताळता येते.

बोलायचे कसे : "हे काय काढलंस?" असे दरडावून विचारू नका. "झाड हिरवंच असतं" असेही म्हणू नका. चैत्रात आपल्या बांधावरचे झाड कुठे हिरवे असते? "मला सांग ना यातलं," एवढे म्हणा आणि ऐका. त्याच्या हातून पेन्सिल घेऊन चित्र दुरुस्त करू नका.

आता आयाबायांना एक विनंती. अंगणवाडीच्या भिंतीवर सगळे मोर सारखे दिसले, तर ते बहुधा ताईंचे आहेत, असे समजा. त्यांनी रात्री जागून ते केले ते तुमच्या शब्दाला भिऊन. तेव्हा पुढच्या वेळी गेलात की ताईंना सांगा, "वाकडं असलं तरी आमच्या पोरानं केलेलं लावा." एवढ्या एका वाक्याने ताईंच्या डोक्यावरचे ओझे उतरेल. आणि माझ्यासारख्याला वीस वर्षांनी त्याच गावात एखादा तरुण शेतकरी भेटेल, जो पान उलटून बघेल आणि मगच प्रश्न विचारेल.

त्या विहिरीला यंदा पाणी लागले की नाही, हे विचारायला मी मार्चमध्ये गेलो होतो. पाणी लागले आहे, फार नाही, पण दोन एकर भिजते. पोरीने नवा कागद दाखवला. त्यावर पुन्हा तोच काळा गोल होता. मात्र या वेळी त्याच्या तळाशी हळदीचा एक छोटा ठिपका होता. मी विचारले, "मला सांग ना यातलं." ती म्हणाली, "पाण्यात ऊन पडलंय."