बाळंतीण दगावते ती कशाने?
गरोदरपणात किंवा बाळंतपणानंतर 42 दिवसांच्या आत त्यासंबंधीच्या कारणाने बाई दगावली, तर तो मातामृत्यू धरतात. 2018-20 मध्ये महाराष्ट्रात लाख जिवंत जन्मांमागे 33 मातामृत्यू झाले, देशात 97. आकडा दिलासा देणारा खरा. पण सरासरीत नंदुरबारच्या धडगाव-अक्कलकुव्याचे पाडे दिसत नाहीत.

अतिरक्तस्राव, रक्तदाब वाढून येणारे झटके आणि जंतुसंसर्ग ही नेहमीची कारणं. अर्धा लिटर रक्त गेलं तरी धडधाकट बाई सहसा तग धरते. हिमोग्लोबिन 7 च्या खाली असलेली, ऊसतोडीवरून नुकतीच परतलेली बाई तेवढ्यानेच कोसळू शकते. वार पडल्यावर गर्भाशय आवळलं नाही, तर दोनेक तासांत सगळं संपतं. पावसाळ्यात तिला झोळीतून डोंगर उतरवण्यातच तेवढा वेळ जातो; रक्तपेढी त्याहून लांब. ‘घरीच का बाळंत केली?’ असं कुटुंबाला दटावणं सोपं आहे, रस्त्याचा जाब मात्र कोणी विचारत नाही.

घरात कोणी गरोदर असेल तर पहिल्या तीन महिन्यांतच आशाताईंकडे नोंद करा, हिमोग्लोबिन तपासून घ्या आणि तारीख जवळ आली की दवाखान्याजवळच्या नातलगाकडे आधीच मुक्काम हलवा.