नारळापासून साडेतीनशे मीटर

राजगिऱ्याचा एक दाणा ओल्या बोटाला चिकटला आहे. पाचवीतली दोन वेण्यांची मुलगी श्वास रोखून तो पुठ्ठ्याच्या चौकोनावर उतरवते आहे. पुठ्ठ्यावर आधीच डिंकाचा टिपका लावलेला आहे. दाणा बसतो. त्याच्याखाली ती निळ्या स्केचपेनने लिहिते, ‘पृथ्वी’. शेजारचा मुलगा वाकून बघतो.

‘‘एवढुशी? मंग यात आपलं गाव कुठं हाय, मॅडम?’’

‘‘गाव राहू दे. यात समुद्र कुठे आहे ते दाखव बरं,’’ मॅडम म्हणतात आणि टेबलावरचा नारळ उचलतात. ‘‘आणि हा सूर्य.’’

बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणार तालुक्यात ही जिल्हा परिषदेची शाळा आहे. द्विशिक्षकी, त्यामुळे चौथी आणि पाचवी एकाच खोलीत बसतात. जानेवारीचा तिसरा आठवडा आहे. बाहेर तुरीची काढणी चालू आहे, शाळेच्या कुंपणापलीकडे हरभरा उभा आहे. मॅडमची टाचणवही मी चाळतो. आजच्या पानावर परिसर अभ्यास, गणित, मराठी, शारीरिक शिक्षण या चारही रकान्यांत एकच शब्द आहे : सूर्यमाला. पाचवीच्या परिसर अभ्यासाच्या पुस्तकातला हा पहिलाच पाठ. शिकवून कधीच झाला आहे, पण मॅडमचं समाधान झालेलं नाही. ‘‘ग्रहांची नावं क्रमाने पाठ झालीत हो सगळ्यांची,’’ त्या मला सांगतात. ‘‘पण सूर्य किती लांब आहे विचारलं की भिंतीकडे बघतात.’’

भिंतीवर सूर्यमाला रंगवलेली आहे. ‘बोलक्या भिंती’ रंगल्या तेव्हाची. पिवळा सूर्य, आणि त्याला जवळजवळ खेटून मोसंबीएवढे, लिंबाएवढे नऊ ग्रह. चित्र देखणं आहे, पण त्यातली अंतरं आणि आकार दोन्ही खोटे आहेत. पाठ्यपुस्तकालाही दुसरा इलाज नसतो. पानाच्या रुंदीत सूर्यमाला खऱ्या मापाने काढायची म्हटली, तर ग्रह डोळ्यांना दिसणारच नाहीत. नववा ग्रह प्लूटो. तो पुसलेला नाही. त्याच्याखाली मॅडमनी खडूने तारीख लिहिली आहे : २४ ऑगस्ट २००६. त्या दिवशी आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाने त्याला बटुग्रह ठरवलं.

गणिताचा तास सुरू होतो तो सुतळीने. एक मुलगा नारळाला मधोमध सुतळीचा वेढा देतो, दुसरा ती सुतळी टेपवर धरतो. चौतीस सेंटिमीटर. दुकानात मॅडमनी बरेच नारळ असेच मोजून परत ठेवले होते. घेर ३४ म्हणजे व्यास सुमारे ११ सेंटिमीटर. पृथ्वीच्या १०९ पट व्यासाचा सूर्य, आणि राजगिऱ्याचा दाणा एक मिलिमीटरचा. जोडी जमली. फळ्यावर आता प्रमाण येतं : १ मिलिमीटर म्हणजे १२,७०० किलोमीटर. त्यावरून १ मीटर म्हणजे १ कोटी २७ लाख. पृथ्वी-सूर्य अंतर १५ कोटी किलोमीटर. मुलं पाटीवर भागाकार मांडतात. चौथीवाल्यांना भाग जमत नाही, ते एक कोटी सत्तावीस लाख पुन्हा पुन्हा मिळवत जातात. दोन्ही बाजूंनी उत्तर येतं : बारा मीटरला थोडं कमी.

कोणीच मान हलवत नाही. बारा मीटर म्हणजे वर्गाच्या भिंतीबाहेर.

‘‘चला,’’ मॅडम म्हणतात.

ध्वजस्तंभाच्या ओट्यावर नारळ ठेवला जातो. बारा मीटरवर, नळाच्या अलीकडे, पृथ्वीचा पुठ्ठा घेऊन वेण्यांची मुलगी उभी राहते. मॅडम सगळ्यांना आळीपाळीने तिच्याजवळ उभं करून नारळाकडे बघायला लावतात. ‘‘आभाळातल्या सूर्याकडे थेट बघायचं नाही, डोळे जातात. नारळाकडे बघा. सूर्य आपल्याला एवढाच दिसतो.’’ मीही उभा राहतो. आकार आणि अंतर दोन्ही एकाच प्रमाणात आटले की दिसणारा कोन तोच राहतो, हे मला माहीत आहे. तरी त्या जागेवर उभं राहून ते बघणं वेगळं. अर्ध्या अंशाचा सूर्य शाळेच्या ओट्यावर ठेवलेला आहे.

इथेच प्रकाशाचं गणितही होतं. सूर्याचा प्रकाश आपल्यापर्यंत यायला सुमारे ५०० सेकंद घेतो. बारा मीटर, ५०० सेकंद. म्हणजे सेकंदाला साधारण अडीच सेंटिमीटर. टोपीवाला एक मुलगा खाली बघत म्हणतो, ‘‘एवढं तं मुंगी चालते.’’ मॅडम त्याला टेप देतात. तो खरंच ओट्याजवळची मुंगी गाठतो, बाकीचे सेकंद मोजतात. मुंगी सरळ चालत नाही, भांडणं होतात, पण आकडा दोन आणि तीनच्या मध्ये कुठेतरी येतो. विश्वातली सर्वांत वेगवान गोष्ट या अंगणात मुंगीच्या चालीने चालते आहे.

मैदानाच्या दुसऱ्या टोकाला एक मीटरची काठी ओळंब्यात रोवली आहे. अकरा पस्तीसला तिच्या सावलीच्या टोकाशी एक मुलगी दगड ठेवते. लांबी ९३ सेंटिमीटर. वहीत नोंद. मग सावली आखडत जाते, उत्तरेकडे वळत जाते. खिचडी होते, हात धुतले जातात, आणि मुलं काठीशी परत येऊन बसतात. सावली आता दुसऱ्या बाजूने लांबते आहे. एक पस्तीसला ती पुन्हा ९३ सेंटिमीटर भरते.

‘‘मग सूर्य सगळ्यांत वर कधी होता?’’

दोन्ही वेळांच्या मधोमध. बारा पस्तीस.

‘‘बाराला नाई?’’ चौथीतला एक जण विचारतो. त्याला घरी ‘भर बाराचं ऊन’ एवढंच माहीत आहे.

आता भूगोल लागतो. भिंतीवरचा भारताचा नकाशा बाहेर आणला जातो. आपलं घड्याळ साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखावृत्तावर लावलेलं आहे, लोणार आहे साडेशहात्तरच्या आसपास. सहा अंशांचा फरक. एका अंशाला चार मिनिटं, म्हणून चोवीस मिनिटं. बारा चोवीस झाले. उरलेली अकरा मिनिटं कुठून आली? इथे मॅडम थांबतात. पृथ्वीची कक्षा पूर्ण गोल नाही आणि तिचा आस कललेला आहे, त्यामुळे वर्षभरात ही वेळ मागेपुढे होते, एवढंच सांगतात. नोव्हेंबरच्या सुरुवातीला हीच काठी बारा आठच्या सुमारास मधोमध दाखवेल. ‘‘तेव्हा पुन्हा मोजू.’’ अर्धवट सोडलेलं उत्तर मला फार आवडतं. पाचवीचं मूल एक प्रश्न नोव्हेंबरपर्यंत सांभाळू शकतं, एवढा विश्वास त्यात आहे.

वेण्यांच्या मुलीला कुठूनतरी कळलं आहे की जानेवारीत पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते. ‘‘मंग थंडी कायले पडते?’’ प्रश्न भला आहे. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात अंतर साधारण १४ कोटी ७० लाख किलोमीटरपर्यंत येतं, जुलैत ते १५ कोटी २० लाखांपर्यंत जातं. मॅडम काठीच्या सावलीवर बोट ठेवतात. भर दुपारीही एक मीटरच्या काठीची ८४ सेंटिमीटर सावली पडली, म्हणजे ऊन किती तिरपं येतं बघ. मे महिन्याच्या उत्तरार्धात एका दुपारी ही सावली काठीच्या पायाशी गोळा होऊन नाहीशी होते. फरक आसाच्या साडेतेवीस अंशांच्या कलाचा आहे. मुलगी सावलीकडे बघते, मग ओट्यावरच्या नारळाकडे, मग वहीत काहीतरी लिहून घेते.

यानंतर सगळी वरात फाटकाबाहेर पडते. प्रत्येक ग्रहाचा एक धनी आहे, हातात पुठ्ठा. बुध म्हणजे बारीक रव्याचा कण, साडेचार मीटरवर. शुक्रही राजगिराच, साडेआठवर. मंगळ खसखशीचा, त्यातलाही बारीक दाणा, अठरा मीटरवर. इथवर सगळे अंगणात मावतात. मग पावलं मोजत चालायला लागायचं. एकसष्ट मीटरवर हातपंप आहे, तिथे गुरू : भिजवलेला काबुली हरभरा. वाटेत मॅडम थांबून मागे हात करतात. ‘‘मंगळ आणि गुरू यांच्या मध्ये लघुग्रह. इथल्या धुळीएवढेही नाहीत.’’

‘‘आपल्या लोणारले पडला तो यातलाच का?’’

असाच एक, मॅडम सांगतात. या मुलांसाठी सूर्यमाला आभाळातच नाही. तिचा एक तुकडा त्यांच्या तालुक्यात येऊन आदळला आहे. लाव्हापासून बनलेल्या बेसाल्टच्या कातळात १.८ किलोमीटर व्यासाचं विवर पडलं आणि त्यात खाऱ्या पाण्याचं सरोवर साचलं. केव्हा, याचे अंदाज वेगवेगळे आहेत. एका पद्धतीच्या मोजणीत सुमारे ५० हजार वर्षं येतात, दुसरीत साडेपाच लाखांहून जास्त. शाळेची सहल तिथे गेलेली आहे. लवणासुराची आणि दैत्यसूदन मंदिराची गोष्ट मुलांना आजीकडून माहीत आहे, आणि मॅडमनी ती मराठीच्या तासाला वर्गात म्हणवूनही घेतली आहे. आकाशातून काही पडल्याचं दुसऱ्या तासाला आलं. एक शिकवण्यासाठी दुसरं पुसावं लागलं नाही, आणि मला वाटतं तेच बरोबर आहे.

मारुतीच्या पाराशी शनी, एकशे बारा मीटर. कोरडा काबुली हरभरा आणि त्याला कागदी कडं. हे कडं कार्यानुभवाच्या तासाला कातरलेलं. युरेनस पिठाच्या गिरणीच्या पुढे, सव्वादोनशेवर, ज्वारीचा दाणा. मग बराच वेळ काही नाही. नुसता रस्ता, दोन्ही बाजूंना हरभरा, समोरून येणारी एक बैलगाडी. धापा टाकत मुलं फाट्यावर पोचतात. तीनशे त्रेपन्न मीटर. नेपच्यून. आणखी एक ज्वारीचा दाणा.

‘‘नारळ कुठं गेला?’’

सगळे डोळे बारीक करून शाळेकडे बघतात. ध्वजस्तंभ दिसतो. त्याच्या पायाशी काहीतरी आहे की नाही, यावर एकमत होत नाही. नेपच्यूनवरून सूर्य आपल्यापेक्षा तीसपट लहान दिसतो. मुंगी सकाळी साडेदहाच्या परिपाठाला ओट्यावरून निघाली असती, तर इथे दुपारी पावणेतीनच्या आत-बाहेर पोचली असती.

टोपीवाला विचारतो, ‘‘याच्या पुढं?’’

पुढचा नारळ, म्हणजे जवळात जवळचा सूर्यासारखा तारा, ‘मित्र’ नावाच्या ताऱ्याच्या जोडीतला. तो या मापाने सुमारे ३,२०० किलोमीटरवर ठेवावा लागेल. मॅडम नकाशाची गुंडाळी रस्त्यावरच उलगडतात. काश्मीरच्या वरच्या टोकापासून कन्याकुमारीपर्यंत भारताची लांबी आहे ३,२१४ किलोमीटर.

‘‘आणि मधात काहीच नाई?’’

‘‘जवळजवळ काहीच नाही.’’

परत आल्यावर मराठीचा तास, पत्रलेखन. मंगळावरून आजीला पत्र. सगळी पत्रं मी वाचत नाही, एकच हाती लागतं. ‘इथे माती लाल आहे पण पेरता येत नाही. इथे वर्ष ६८७ दिवसांचं आहे म्हणून दिवाळी लवकर येत नाही. सोयाबीनचं ५० किलोचं पोतं इथे १९ किलोसारखं लागतं, आबांना सांग. वारा इतका जोरात आहे की मी पडलो आणी लागलं.’ मॅडमचं लाल पेन ‘आणी’चा वेलांटीचा दोष दुरुस्त करतं, आणि लगेच पुढे समासात प्रश्न लिहितं : तिथल्या हवेचा दाब आपल्या हवेच्या दाबाच्या शंभराव्या हिश्शाहून कमी, मग वारा तुला कसा पाडेल? एकाच पेनाने शुद्धलेखन आणि विज्ञान तपासलं जाताना मी पहिल्यांदाच बघतो आहे. हे सगळ्या शाळांत व्हायला हवं. विषय वेगळे असतात ते वेळापत्रकात. मुलाच्या वहीत ते एकाच पानावर येतात.

शेवटचा तास खेळाचा. दोन मुली फुगडी धरतात. बाकीचे गोल करून उभे. ‘‘हिला तिची पाठ दिसली का?’’ नाही. ‘‘तुम्हाला?’’ दिसली, दर फेरीला. म्हणजे तीही स्वतःभोवती फिरली, फेरीला एकदा. चंद्र आपल्याला एकच बाजू का दाखवतो ते चौथीवाल्यांनाही उमगतं. मॅडम भिंतीवरच्या नवव्या गोळ्याकडे बोट करतात. दोघांनी मिळून घातलेली खरी फुगडी प्लूटोची आणि त्याच्या शेरॉन नावाच्या चंद्राची. दोघेही एकमेकांना कायम एकच बाजू दाखवतात, ६ दिवस ९ तासांत एक फेरी. ग्रहांच्या यादीतून गेलेल्या प्लूटोला आज मुलांनी भरपूर टाळ्या दिल्या आहेत.

या सगळ्याला लागलेलं सामान म्हणजे एक नारळ, चिमूटभर राजगिरा, खसखस आणि रवा, काबुली हरभऱ्याचे दोन दाणे, ज्वारीचे दोन, सुतळी, टेप आणि साडेतीनशे मीटरचा रस्ता. शिक्षकांनी, आणि ज्यांच्या घरी त्या वयाचं मूल आहे त्यांनीही, एकदा हे चालून बघावं. अंतरं वर दिलीच आहेत. नारळ मात्र घेर मोजूनच घ्या, चौतीस सेंटिमीटर.